घाटातला पाऊस संगणकाला कोण सांगणार?

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील घाटात मालगाडी चालवतात. तो एकदा म्हणाला, "सर, अब्बा म्हणतात, मुसळधार पावसाची भीती नाही, भीती पहिल्या भुरभुरीची." मी भाषेचा मास्तर, पण गोष्ट मनात राहिली म्हणून वाचत गेलो. अब्बांचे म्हणणे बरोबर निघाले. जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो. हलकी भुरभुर किंवा दव मात्र धूळ, गंज आणि तेल यांचा पातळ थर करते आणि चाक घसरते.

आज चालकांचे प्रशिक्षण आणि ब्रेकची चाचणी संगणकावरच्या नकली गाडीवरही होते. तिला चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणाचा आकडा द्यावा लागतो. 1940च्या दशकात जर्मनीत कुर्टियस आणि क्निफ्लर यांनी खऱ्या इंजिनांवर मोजून काढलेले सूत्र आजही वापरात आहे. त्यानुसार कोरड्या रुळावर गाडी सुटताना हा आकडा 0.33 असतो, ताशी 100 किलोमीटरला 0.21. पण चिरडलेल्या पानांचा थर बसला की तो 0.03पर्यंतही उतरतो. आता भोर घाट पाहा. तिथे चढ 37ला 1, म्हणजे 0.027. इतक्या निसरड्या रुळावर उतरणाऱ्या गाडीची जवळपास सगळी पकड उताराशी झुंजण्यातच संपेल. वेग कमी करायला काय उरले?

31 ऑक्टोबर 2021 रोजी इंग्लंडमधील सॅलिसबरीजवळ हेच दिसले. निसरड्या रुळावर गाडी सिग्नलपाशी थांबू शकली नाही आणि दुसऱ्या गाडीवर आदळली. चालक गंभीर जखमी झाला.

म्हणून खरा आकडा रुळावरूनच गोळा करावा लागतो. ते सोपे नाही. हाताने ढकलायचे मोजयंत्र हलके असते. भरलेल्या वाघिणीच्या चाकाखालची स्थिती त्याला जशीच्या तशी कळत नाही. गाडीतली नोंद चाक घसरले की पकडीची मर्यादा सांगते. घसरले नाही, तर पकड निदान इतकी तरी होती, एवढेच कळते. त्यातच सकाळी मोजलेला आकडा दुपारी खरा राहत नाही.

माझे मत असे की यंत्राच्या आकड्याशेजारी माणसाची नोंदही हवी. कुठल्या किलोमीटरला, किती वाजता, दव होते की पाऊस, वाळू सोडावी लागली का, हे चालक आणि ट्रॅकमन यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण "चाक घसरले" असे लिहिणाऱ्याकडूनच खुलासा मागितला जाणार असेल, तर तो लिहिणार नाही. शाळेतही हेच होते. कच्च्या मुलांची संख्या खरी लिहिली की मास्तरलाच जाब विचारतात. मग कागदावर सगळी मुले हुशार होतात.

कागदावरच्या हुशारीने मुलाचे वर्ष वाया जाते. कागदावरच्या कोरड्या रुळाने जीव जाऊ शकतो. अब्बांचा तजुर्बा लिहून घ्या, आणि तो लिहिल्याबद्दल त्यांना शिक्षा करू नका.