स्वस्त फंड आणि मालकीचा भ्रम

भांडवली अर्थपंडितांनी एक नवे स्तोत्र आरंभिले आहे : अमेरिकेतील पाचशे बड्या कंपन्यांच्या निर्देशांकावर आधारलेला ‘इंडेक्स फंड’ घ्या, आणि कामगाराचे मालक व्हा!

ह्यात तथ्य किती, ते प्रथम पाहू. जॉन बोगल यांनी १९७५ साली व्हॅनगार्ड ही संस्था स्थापन केली व १९७६ मध्ये सर्वसामान्यांसाठी असा पहिला फंड काढला. कंपन्या निवडण्याचा आव न आणता निर्देशांकातील सर्वांचेच शेअर घ्यावयाचे. त्यामुळे जेथे शंभर डॉलरमागे वर्षाला एखादा डॉलर कापला जाई, तेथे आता तीन-चार सेंटांत भागते. दलालीची लूट उघडी पडली, हे खरेच. एखाद्या कामगाराने तेथे बचत ठेवली, तर त्याला आम्ही दोष देणार नाही. आमचा आक्षेप आहे तो ‘मालकी’च्या प्रचाराला.

अमेरिकन कुटुंबांकडील शेअरांचा सुमारे नऊदशांश हिस्सा वरच्या दहा टक्के कुटुंबांच्या हाती आहे. शिवाय फंडात पैसा कामगाराचा असला, तरी कंपनीच्या सभेत मत देते ती सामान्यतः फंड चालविणारी संस्था. ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड व स्टेट स्ट्रीट ह्या तीन संस्थांच्या हाती ही मते एकवटली आहेत. ह्या केंद्रीकरणाविरुद्ध खुद्द बोगल यांनीच २०१८ मध्ये इशारा दिला होता. शेअर अनेकांत वाटल्याने वित्तीय मक्तेदारांची सत्ता घटत नाही, उलट वाढते, हे लेनिन यांनी १९१६ सालीच दाखवून दिले होते.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड येथील ॲमेझॉनच्या गोदाम-कामगारांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. कंपनीने त्या निकालालाच आव्हान दिले. ही कंपनी त्याच निर्देशांकात आहे. म्हणजे एका कामगाराची म्हातारपणची भाकरी दुसऱ्याची मजुरी दाबण्यावर अवलंबून! आणि २००८ साली निर्देशांक तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोसळला, तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ‘मालकां’चे नुकसान कोणी भरून दिले?

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्याकडेही ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीचा काही भाग सेन्सेक्स-निफ्टीवर आधारलेल्या फंडांत घातला जात आहे. साथींनो, खर्च कमी झाला म्हणून जोखीम संपत नाही. ती केवळ मालकाच्या व सरकारच्या खांद्यावरून कामगाराच्या खांद्यावर येते. म्हणूनच आपली मागणी स्वस्त फंडाची नाही. ती आहे हमीच्या पेन्शनची, आणि ती संघटित लढ्यानेच मिळेल.