मठातला छोटा पहारेकरी

मुले हट्ट धरतात, "आई, आपण पण कुत्रा आणू या ना!" एखाद्याच्या दारात लांब केसांचा, ठेंगणा ल्हासा अप्सो पाहिला की हट्ट आणखी वाढतो. म्हणून आज या पाहुण्याची ओळख करून घेऊ.

हा कुत्रा मूळ तिबेटचा. ल्हासा शहरावरून त्याचे नाव पडले. शेकडो वर्षे तो बौद्ध मठांत आणि सरदारांच्या वाड्यांत राहिला. बाहेर दारावर मोठा मॅस्टिफ बांधलेला असे. हा आत असे. अनोळखी पाऊल वाजले की भुंकून सर्वांना जागे करणे हे त्याचे काम. १९३३ साली तेराव्या दलाई लामांनी अमेरिकेच्या सायडम कटिंग यांना याची एक जोडी भेट दिली आणि तिकडे त्याचा प्रसार झाला. लामा मेल्यावर या कुत्र्याच्या जन्माला येतो, अशीही एक कथा सांगतात. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात आत्म्याला जागा नाही. तेव्हा कथा कथा म्हणून ऐकावी. प्राण्यावर माया करायला तिची गरज नाही.

उंची साधारण दहा-अकरा इंच, वजन सहा-सात किलो. घरच्यांवर जीव लावतो. परक्यावर चटकन विश्वास टाकत नाही. थोडा हेकट असतो. मारून नव्हे, गोडीने शिकवावे. लहान मुलांनी त्याचे केस ओढू नयेत, जेवताना छेडू नये.

खरे काम केसांचे. रोज विंचरले नाही तर गुंता होऊन कातडीला जखमा होतात. डोळ्यांवरचे केस बांधावेत किंवा कापावेत. हा थंड मुलखातला जीव. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. दुपारी बाहेर नेऊ नये, पाणी सतत ठेवावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट त्याला विषासारखे. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. कुठलाही कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. मंत्र-अंगाऱ्यात वेळ घालवू नये.

कोणी म्हणेल, आपल्याला कुत्र्याचे कौतुक कशाला? १९२७ पूर्वी महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत, पण आपल्या माणसांना बंदी होती. हे आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. पण तो गुन्हा जनावराचा नव्हता, माणसाचा होता. तहान काय असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी मुक्या जिवाला पाणी नाकारू नये. पंचशीलातले पहिले शील हेच सांगते.

हा कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. पहिलीतला मुलगा कॉलेजात जाईपर्यंत त्याचा खर्च आणि वेळ आपल्याला झेपेल का, हे घरात सर्वांनी बसून ठरवावे. झेपत नसेल तर शेजाऱ्याची मिरवणूक पाहून विकत आणू नये आणि नंतर रस्त्यावर सोडू नये. त्यापेक्षा गल्लीतल्या कुत्र्यासाठी दाराशी पाण्याचे भांडे ठेवावे. मुलांना मैत्रीचा धडा तिथेही मिळतो.