स्मरणिकेला स्वतःची जागा हवी

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लालबागच्या गणेश गल्लीतील उत्सव १९२८ चा, तर लालबागच्या राजाचा १९३४ चा. या परिसरातील मंडळांचा इतिहास आज कोठे सापडतो? बराचसा जुन्या स्मरणिकांत, वार्षिक अहवालांत, कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. अलीकडचा मात्र फेसबुकच्या पानांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांत. कपाटाचे कुलूप निदान आपले असते.

निकड अशी की, ज्या चाळींनी ही मंडळे उभी केली त्या चाळीच आता पाडल्या जात आहेत. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथे बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती आल्या. त्याचा आनंदच आहे. परंतु बिऱ्हाड हलविताना रद्दीत काय काय जाते, हे गिरणगावाला सांगायला नको.

महाजालावरील परक्या जागेचा भरवसाही तितकाच. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केले. मराठी तरुणाई जेथे रमली होती ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी वेळीच आपले लेखन उतरवून घेतले नाही, त्यांचे ते गेले.

मग मंडळाने स्वतःची अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, काढावा काय? अवश्य काढावा, प्रश्न पद्धतीचा आहे. प्रचलित संकेतस्थळामागे माहितीचा साठा आणि तो हाताळणारी प्रणाली असते. वाचक आला की सर्व्हर साठ्यातून मजकूर काढतो आणि पान जुळवून देतो. ही प्रणाली सतत अद्ययावत ठेवावी लागते, अन्यथा घुसखोरांना दार उघडे. वर्षातले दहा दिवस अहोरात्र जागणाऱ्या आणि एरवी निवांत असणाऱ्या मंडळाला हे झेपत नाही.

दुसरी पद्धत छापखान्याची आहे. गिरगाव-काळबादेवीने मराठी मुद्रण वाढताना पाहिले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा. तेथे फर्मा एकदा जुळला की हव्या तितक्या प्रती निघत. दर वाचकामागे नव्याने खिळे जुळवायला कोणी बसत नसे. स्थिर संकेतस्थळ घडविणाऱ्या प्रणाली हेच करतात. २००८ चे जेकिल, २०१३ चे ह्यूगो, दोन्ही विनामूल्य. लेख साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचा, वर शीर्षक आणि तारीख घालायची, एक आज्ञा द्यायची. सर्व पाने तयार होऊन एका फोल्डरमध्ये पडतात. तो फोल्डर सर्व्हरवर चढविला की काम झाले. गिटहब पेजेससारख्या सेवेवर एक गिगाबाइटपर्यंतचे संकेतस्थळ फुकट ठेवता येते. तयार पाने नुसती वाटायची असल्याने उत्सवातल्या गर्दीचाही भार फारसा पडत नाही.

गिटहबही परकेच, २०१८ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. फरक इतकाच की मूळ लेखन आपल्या संगणकावर, पेन ड्राइव्हवर, चार कार्यकर्त्यांच्या घरी राहते. उद्या त्या कंपनीने अटी बदलल्या तर तोच फोल्डर दुसरीकडे न्यायचा आणि संकेतस्थळाचे नाव तिकडे वळवायचे. वाचकाला पत्ता बदलल्याचे कळतही नाही. वाचकांच्या प्रतिक्रियांची सोय यात मुळात नसते. काहींना ही उणीव वाटेल. प्रतिक्रियांतली भांडणे पाहता मला ती सोयच वाटते.

खरे कष्ट वेगळ्याच ठिकाणी आहेत. संगणकावर जुळविलेल्या जुन्या स्मरणिका युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसेल तर फाइल उघडून केवळ अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणजे मुद्रितशोधन आले. पानांची नुसती छायाचित्रे चढवून भागत नाही. ती जागा खातात आणि त्यांतले एखाद्या जुन्या कार्यकर्त्याचे नाव शोधू म्हटले तर सापडत नाही. हे काम तरुणांवर सोपवून चालणार नाही. आज्ञा देणे, पाने चढविणे त्यांना तासाभरात जमेल. पण १९७० च्या कार्यकारिणीतील नाव ‘परब’ की ‘परळकर’, हे ठरवायला चाळीतली निवृत्त मंडळीच हवीत. दोघांना एका टेबलाशी बसवणे हे चिटणिसांचे कौशल्य.

आणखी एक. संकेतस्थळाचे नाव उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या नावे घेतो, पुढे नोकरीनिमित्त परदेशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि नाव दुसराच कोणी घेऊन बसतो. तेव्हा नोंदणी मंडळाच्या नावे करावी, नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहावी आणि परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात घालून त्याच लोखंडी कपाटात, पावती पुस्तकांशेजारी ठेवावा.