कार्ड हाताचं, मग हाताची मजुरी कुठे गेली?



या आठवड्याच्या व्हिडिओत ठसे आणि डाय-कट वापरून शुभेच्छापत्र कसं करायचं ते दाखवलं. कागद कसा दुमडायचा, ठसा कसा उठवायचा, डाय मशीनमधून पानं-फुलं कशी कापायची, हे सगळं तिथे आहे. व्हिडिओत न मावलेलं इथे लिहितो. थोडं टोचेल, पण ऐका.

माझं मत सरळ आहे. वर्धा जिल्ह्यात हाताने कार्ड करणाऱ्या ताई कलेत कमी पडत नाहीत. त्या कमी पडतात हिशोबात. आणि हिशोब चुकतो तो एकाच ठिकाणी: स्वतःची मजुरी शून्य धरतात. "घरीच तर बसून करते, रिकामा वेळ असतो" हे वाक्य ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी धंदा सुरू होईल.

आधी आकडे

समजा, तुम्ही ए-फोर आकाराचा २५० जीएसएमचा जाड कागद घेतला. एका कागदात दोन कार्डं बसतात. कार्डाचा कागद ६ रुपये, वरच्या थरांचा कागद ४, पाकीट ५, शाई-गोंद-टेप ३, प्लास्टिकची पिशवी २. झाले २० रुपये. हे सगळ्या जणी मोजतात.

आता मशीन. हाताने फिरवायचं छोटं डाय मशीन आणि चार-सहा डाय मिळून समजा १२ हजार रुपये गेले. दोन वर्षं वापरलं. महिन्याला ५० कार्डं विकली तर दोन वर्षांत १,२०० कार्डं, म्हणजे कार्डामागे १० रुपये. पण महिन्याला १० च विकली, तर कार्डामागे ५० रुपये! मशीन तेच, डाय तेच. म्हणून मी सांगत असतो, मशीन स्वस्त की महाग हे दुकानात ठरत नाही, तुमच्या विक्रीवर ठरतं.

आता वेळ. ठसा, कापणी, चिकटवणं, पॅकिंग धरून एका कार्डाला अर्धा तास लागतो असं धरू. ते कार्ड तुम्ही ४० रुपयांना विकलं. सामानाचे २० आणि मशीनचे १० वजा करा. हातात राहिले १० रुपये, अर्ध्या तासाचे. म्हणजे तासाला २०, आणि आठ तास मान मोडून बसलात तर १६० रुपये. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे मशीन घेऊन, डोळे ताणून, बारीक काम करून आपण त्याच्या निम्म्यावर येतो. ही कला झाली की फुकटची राबणूक?

तासाला ६० रुपये मजुरी धरा. अर्ध्या तासाचे ३०. मग कार्ड पडतं ६० रुपयांना. त्यावर १० रुपये नफा ठेवा, ७० झाले. दुकानदाराने ३० टक्के घेतले तर छापील किंमत १०० लावावी लागते. शंभर! आकडा ऐकून पोटात गोळा येतो ना? येऊ द्या. पण खरी किंमत तीच आहे.

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही

आपण ज्या गावात बसून हा हिशोब करतोय, तिथे हाच वाद नव्वद वर्षांपूर्वी झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत तेलघाणी, मधमाश्यापालन आणि हातकागद असे उद्योग चालत. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते आजही आहे. गेला नसाल तर जाऊन या, घराजवळ आहे म्हणून राहून जातं.

१९३५ साली गांधीजींनी सूत कातणाऱ्या बायांच्या मजुरीचा प्रश्न काढला. त्यांचं म्हणणं होतं, आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळायला हवेत. खादी महाग होईल, कोण घेईल, असा आक्षेप तेव्हाही आला. एका दमात आठ आणे झाले नाहीत. पण कातणारीला पोटापुरतं मिळालं पाहिजे आणि ते खादीच्या किमतीत धरलं पाहिजे, हे तत्त्व तेव्हा मान्य झालं.

आपला प्रश्न तोच आहे. फरक इतकाच की तेव्हा बायांची मजुरी दुसरे कमी धरत होते, आता आपणच आपली कमी धरतो.

आणि हे फक्त तुमच्या घरापुरतं नाही. तुम्ही ४० ला विकलं की शेजारच्या गटातल्या ताईचं १०० चं कार्ड पडून राहतं. तिला कदाचित त्यावर घर चालवायचं असतं. हौस म्हणून करत असाल तर भेट द्या, खुशाल फुकट द्या. पण विकायला बसलात की दर पाडू नका.

"पण शंभर रुपये देणार कोण? व्हॉट्सअॅप आहे ना!"

बरोबर प्रश्न आहे. नुसत्या वाढदिवसासाठी शंभर रुपये देणारे कमीच मिळतील. व्हॉट्सअॅपवर फुकट मिळतं त्याच्याशी टक्कर घेऊच नका. जिथे हातात काहीतरी द्यावंच लागतं, तिथे जा.

पहिलं, आहेराचं पाकीट. आपल्याकडे लग्न, मुंज, बारसं, वास्तू, काहीही असो, पाकीट लागतंच, आणि वर एक रुपयाही लागतो. रुपया बसवायला डायने गोल खाच कापा, बाजूने ठसा उठवा. कार्डापेक्षा कमी वेळ लागतो, कागद कमी लागतो आणि दहाच्या संचात विकता येतं.

दुसरं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. एकेक बाई पन्नास-पन्नास वाणं घेते. तीन छोटी कार्डं आणि पाकिटं यांचा संच वाण म्हणून उत्तम.

तिसरं, तान्हा पोळा. हा तर आपल्या विदर्भाचाच सण. लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार जातात. बैलाच्या आकाराचा डाय-कट, मागे पैसे ठेवायला खिसा. मुंबईची कंपनी हे करणार नाही, तिला तान्हा पोळा माहीतच नाही.

चौथं, निवृत्तीचा निरोप, साठी, शाळेचा सत्कार. इथे एकच कार्ड लागतं, पण मोठं आणि नावानिशी. दोनशे रुपयेही देतात.

आणि भाषा! बाजारात मिळणाऱ्या तयार ठशांवर बहुतेक हॅपी बर्थडेच असतं. मित्राच्या वाढदिवसाला "काऊन बे, म्हातारा झाला का?" असं कार्ड मिळालं तर वर्ध्याचा पोरगा पुण्यात बसून हसेल, आणि पैसेही देईल.

म्हणून मशीनच्या आधी ठसा

माझा क्रम असा आहे: आधी ठसा, मग ग्राहक, मग मशीन. बहुतेक जणी उलट करतात.

तहसील आणि कोर्टाच्या आसपास रबरी शिक्के करून देणारे बसतात. वर्ध्यात आहेत, हिंगणघाटला आहेत, आर्वीलाही सापडतील. तुमचं स्वतःचं चित्र किंवा अक्षर नेऊन द्या, काही शे रुपयांत ठसा होतो. हा ठसा दुसऱ्या कुणाकडे नसतो. विकतचा डाय मात्र नागपूरच्या ताईकडेही तोच आणि नाशिकच्या ताईकडेही तोच. मग ग्राहकाने तुमच्याकडून का घ्यावं?

देवनागरीचा ठसा करताना अक्षर फार बारीक ठेवू नका. क्ष, ष, ण यांच्या पोटात शाई भरते आणि काळा डाग दिसतो.

देवनागरीचा एक फायदा फार थोड्यांच्या लक्षात येतो. इंग्रजी शब्द कागदातून कापला की प्रत्येक अक्षर सुटं पडतं, एकेक चिकटवत बसा. आपल्या शब्दाला शिरोरेषा आहे. शब्द कापलात की शिरोरेषेने जोडलेली अक्षरं एका तुकड्यात हातात येतात. फक्त अनुस्वार सांभाळा. "अभिनंदन" मधलं टिंब सुटून हरवतं, म्हणून चित्र काढतानाच ते रेषेला जोडून घ्या. असं बारीक काम लेझर कटिंगवाल्याकडून शंभर-दोनशे नग एकदम करून घेता येतं. मशीन विकत घ्यायलाच हवं असं नाही.

आणि रंगच लागतो असंही नाही. सेवाग्रामला बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडं उठवली आहेत. माती मातीच्याच रंगाची, नुसता उठाव, तरी नजर थांबते. पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव असलेलं कार्ड त्याच जातीचं. शाईचा खर्च शून्य.

कागद आपला, पण सांभाळून

आपला जिल्हा कापसाचा. सुती चिंध्यांपासून हातकागद होतो, आणि त्या कार्डाला सांगण्यासारखी गोष्ट मिळते. पण तीन गोष्टी बघा.

एक, पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर ठशाची शाईही पसरणार. असा कागद ठशाला नको. दोन, खरबरीत कागदावर बारीक ठसा तुटक उठतो. जुने कागदी कागदाला खळ लावून दगडाने घोटत, ते उगीच नाही. घोटीव, गुळगुळीत कागद मागा, नाहीतर ठसा साध्या कागदावर उठवून तो तुकडा हातकागदावर चिकटवा. तीन, लांब धाग्याचा कागद डायमध्ये एका फेरीत साफ कापला जात नाही, कडेला रोवं राहतात. आडवा फिरवून दुसरी फेरी द्या.

वजनही बघा. ए-फाइव्ह कागद दुमडून केलेलं २५० जीएसएमचं कार्ड साधारण ८ ग्रॅम, जाड पाकीट ५, वरचा एक पूर्ण थर ४. झाले १७. टपालाच्या साध्या पत्राची पहिली पायरी २० ग्रॅमला संपते. अजून एक थर आणि दोन मणी लावले की गेलं पुढे. उपाय सोपा: वरच्या थराखाली झाकला जाणारा मधला कागद डायने कापून काढा. वजन कमी होतं आणि तो तुकडा पुढच्या कार्डाला चालतो.

दोन ठिकाणी हात आवरा

वर्ध्याचं कार्ड म्हटलं की पहिला विचार येतो गांधीजींच्या चित्राचा. थांबा. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय महात्मा गांधी किंवा छत्रपती शिवाजी महाराज यांचं नाव वा चित्र धंद्यासाठी वापरायला त्यात मनाई आहे. कापसाचं बोंड घ्या, धाम नदी घ्या, ताडाचं झाड घ्या. वर्धा त्यातही दिसतं.

तसंच "खादी कागद" असं लेबल लावू नका. खादी हे नाव खादी आयोगाने नोंदवलेलं आहे. "हातकागद" लिहा, तोच खरा शब्द आहे. कार्टूनची चित्रं उतरवून विकणं तर बंदच.

योजनांबद्दलही सांगून टाकतो. पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत कार्ड किंवा कागदकाम नाही, तेव्हा त्याच्या रांगेत वेळ घालवू नका. उद्यम नोंदणी मात्र मोफत आहे, ती करा. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर उठून या.

या आठवड्याचं काम

नवीन काही विकत आणायचं नाही. घरातल्या सामानात एकाच नमुन्याची दहा पाकिटं करा. आधी दहाचे ठसे, मग दहाची कापणी, मग दहाचं चिकटवणं. एकेक पूर्ण करत बसाल तर वेळ जास्त जाईल. सुरुवातीची आणि शेवटची वेळ वहीत लिहा. वेळ भागिले दहा, गुणिले तुमची मजुरी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मग कुणी म्हटलं, "ताई, थोडं कमी करा ना", तर कमी करायला हरकत नाही. एक थर कमी करा, मणी कमी करा, आकार कमी करा. वहीतला तो आकडा तेवढा कमी करायचा नाही.

पुढच्या व्हिडिओत रुपयाच्या खाचेचं आहेराचं पाकीट मोजमापासकट दाखवतो. वही घेऊन बसा.