थिनरची बाटली जरा बाजूला ठेवा

मेसचं जेवण, लोडशेडिंग आणि इंटर्नल मार्क्स या विषयांवर आपल्या मासिकात पुष्कळ लिहून झालंय. म्हणून मी भिंतीवर लिहायचं ठरवलं. म्हणजे भिंतीबद्दल. प्रत्यक्ष भिंतीवर लिहिणारे कलाकार आपल्या हॉस्टेलात आधीच भरपूर आहेत!

धुळवड झाली की कॉरिडॉर हिरवा-जांभळा होतो. गॅदरिंगचे बोर्ड रंगवताना सांडलेला ऑइलपेंट फरशीवर वर्षभर तसाच राहतो. आणि रूम सोडायची वेळ आली की 'भिंत खराब केली' म्हणून कॉशन मनीला कात्री लागते. मग आपलं इंजिनिअरिंग जागं होतं. कुणी थिनर ओततो, कुणी बाथरूमचं ॲसिड, कुणी तारेचा ब्रश घेऊन भिडतो. बहुतेक हॉस्टेलांचं शास्त्र त्याहून सोपं असतं, वरून अजून एक हात मारा! माझ्या मते दोन्ही उपाय चुकीचे आहेत, कारण रंग कसला आहे आणि त्याच्याखाली काय आहे हे कुणी विचारतच नाही.

रंग म्हणजे नुसती रंगीत पूड नव्हे. ती पूड धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, म्हणजे बाइंडर, त्यावर सगळं अवलंबून असतं. साधा डिस्टेंपर सरसावर टिकलेला असतो, तो गरम पाण्याच्या फडक्याने निघतो. त्याला थिनर कशाला? प्लास्टिक पेंट ओला असेपर्यंत पाण्याने धुता येतो. वाळला की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, मग स्पिरिट लावून तो मऊ करावा लागतो. ऑइलपेंटची गोष्ट वेगळी. तो नुसता वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफलं जातं. म्हणून ताजा डाग टर्पेंटाइनने निघतो, महिन्याभराचा निघत नाही, कितीही घासा. कॉस्टिक सोड्याने त्याचा अक्षरशः साबण होतो खरा, पण कॉस्टिक डोळ्यात उडालं तर डोळा जातो आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्याही खातं. सिरॅमिक टाइलवर साबणाचं पाणी आणि तिरपी धरलेली ब्लेड एवढ्याने काम होतं.

कपड्याचंही तेच. टी-शर्टवर प्लास्टिक पेंट उडाला तर कापड उलटं करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा. डाग जाण्याआधी इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो आणखी पक्का बसतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन सुती कापडाला चालतं, पण ॲसिटेट कापडाला भोक पाडतं आणि लॅपटॉपचं कव्हर विरघळवतं.

ॲसिडचं वेड तर बंदच व्हायला हवं. आपल्याकडे खूप ठिकाणी शहाबादी फरशी असते. ती चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड टाकलं की फेस येतो आणि आपल्याला वाटतं डाग निघतोय. निघत असते फरशी! शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद बाथरूममध्ये. केमिकलच्या मुलांना हे सांगायला नको, पण मेकॅनिकलवाल्यांसाठी लिहून ठेवतो.

या घाईचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. जळगावहून फर्दापूरच्या रस्त्याने दीड-दोन तासांत अजिंठा गाठता येतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश लावलं. पुढे निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळात तिथे काम केलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचं श्रेय. पण त्यांनीही वर लाखेचं वॉर्निश चढवलं. ते काळानुसार पिवळं-तपकिरी पडलं, त्यावर धूळ बसली आणि खालचे रंग झाकोळले. हेतू चांगला होता हो, पण वरून एक हात मारायची सवय तिथेही!

ते काढणं किती अवघड आहे पाहा. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत. तिथे पाणी किंवा तारेचा ब्रश चालवला तर वॉर्निशच्या आधी चित्रच जायचं. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हे काम वर्षानुवर्षं करावं लागलं. वॉर्निश विरघळेल पण चित्र विरघळणार नाही असं द्रावण शोधायचं, कापसाच्या बोळ्याने थोड्याशा जागेवर लावून बघायचं, मगच पुढे सरकायचं. आपल्या कॉरिडॉरला कापसाचे बोळे नकोत, पण कोपऱ्यात एक इंच जागेवर आधी करून बघायला काय हरकत आहे?

सप्तशृंगी गडाचंही तसंच. खान्देशातून चैत्रात पायी जाणाऱ्यांनी देवीला कायम शेंदराच्या जाड थरातच पाहिलं होतं. २०२२ च्या पावसाळ्यात मंदिर दीड महिना बंद ठेवून तो थर उतरवला गेला आणि नवरात्रात लोकांना मूळ मूर्तीचं दर्शन झालं. घाई केली असती तर ते शक्य नव्हतं.

शेंदरावरून मुख्य मुद्द्यावर येतो. परंपरेने शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हेच शिसं जुन्या ऑइलपेंटमध्येही वापरलं जायचं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधी रंगवलेली दारं, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे यांच्या थरांत शिसं असू शकतं. हॉस्टेलांत दुरुस्ती निघाली की पेंटर कोरडा पॉलिश पेपर घेऊन तेच थर घासतात. मुलं आत झोपलेली, जिन्यात पांढरी धूळ, आणि त्या धुळीत वॉचमनची नाहीतर स्टाफची लहान मुलं खेळतात. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो, आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. घासणाऱ्या पेंटरकाकांच्या नाकावर साधा रुमालसुद्धा नसतो. कुणी म्हणेल, 'इतकी वर्षं चाललंय, काय झालं?' झालं का नाही ते कुणी तपासलंच नाही, हे त्याचं उत्तर.

पेंट रिमूव्हर म्हणून मिळणाऱ्या डब्यांबद्दलही एक सांगतो. त्यातल्या काहींत डायक्लोरोमिथेन असतं. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी आली. आपल्याकडे डबा घेताना निदान मागचं लेबल वाचा.

माझ्या मागण्या फार नाहीत. जुना ऑइलपेंट घासायचाच असेल तर पाणी मारून, वॉटर पेपरने, आणि मे महिन्याच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं असताना घासावा. उन्हाने भिंत तापायच्या आत, सकाळीच. धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पेंटरकाकांना साधं फडकं नको, धूळ अडवणारा चांगला मास्क द्यावा. दुसरं, कॉशन मनी कापण्याआधी मुलाला डाग काढायची एक संधी द्यावी. एक पत्ती, थोडं स्पिरिट, टर्पेंटाइन, हातमोजे आणि गॉगल, एवढं सामान रेक्टर सरांच्या कपाटात राहिलं तर त्याचा खर्च एका मुलाच्या कापलेल्या पैशात निघेल. स्पिरिट आणि टर्पेंटाइन पेट घेतात, तेव्हा ते रूमवर नेऊन हीटरच्या कॉइलशेजारी ठेवू नये, हे ओघाने आलंच.

विद्यापीठात, इथेच जळगावला, पेंट टेक्नॉलॉजी शिकवतात. तिथल्या एखाद्या सरांना बोलावून आपल्या जिन्याच्या रंगाचा नमुना तपासून घेता येईल का, एवढं जरी या सुट्टीआधी विचारलं तरी पुष्कळ. अर्जाचा कागद मेसच्या नोटीस बोर्डाजवळ ठेवतो आहे. सही पेनने करावी, मार्करने भिंतीवर नको.