पक्षी पाहावयास जाण्यापूर्वी

शाळेची सहल निघावयाची म्हटली की तिची तयारी कशी होते हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आले आहे. वर्गणी गोळा होते, बस ठरते, पालकांच्या सह्या येतात, कोणी काय खाऊ आणावयाचा याची वाटणी होते आणि भेंड्यांसाठी दोन पक्ष पाडले जातात. यात गैर काहीच नाही. देवळे पाहावयास किंवा समुद्रकिनाऱ्यावर जावयाचे असेल तर एवढी तयारी पुरेशीही होते. परंतु अलीकडे निसर्गमंडळांच्या निमित्ताने आपल्या शाळा मुलांना पक्षी दाखविण्यासाठी रानात नेऊ लागल्या आहेत आणि तेथेही आपण याच तयारीनिशी जातो. हे मला चूक वाटते. चूक वाटते असे म्हणण्याचा मला अधिकार आहे, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आठवी-नववीच्या मुलांना तांबडी सुर्ल्यास घेऊन गेलो. महादेवाचे ते कदंबकालीन काळ्या पाषाणाचे मंदिर आणि सभोवारचे ते घनदाट अरण्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या स्थळाविषयी वेगळे सांगावयास नको. बस सात वाजता निघाली. वाटेत न्याहारी झाली. आम्ही रानात शिरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, ऊन तापले होते, आणि एरवी ज्या रानात भृंगराज, हळद्या आणि कस्तुर यांची मैफल चालते तेथे रातकिड्यांवाचून कोणाचाही आवाज नव्हता. मुले लाल-पिवळ्या सदऱ्यांत आली होती, मुली नव्या चपला घालून आल्या होत्या. अर्ध्या तासात जळवा चढल्या. एका मुलीच्या पोटरीवरची जळू कोणी तरी ओढून काढली. रक्त थांबेना, तेव्हा बाकीच्या मुली रडू लागल्या. अकराच्या सुमारास एका मुलाला घेरी आली, कारण त्याने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. एकूण सहा पक्षी पाहिले, त्यांतले दोन कावळे.

त्या दिवशी काय चुकले याचा विचार मी पुष्कळ केला. आपण उष्ण कटिबंधात राहतो ही गोष्ट आपण भूगोलाच्या तासाला शिकवितो आणि सहलीच्या दिवशी विसरतो. गोवा पंधराव्या अक्षांशाच्या आसपास आहे. येथे सूर्य क्षितिजावरून तिरका न येता जवळजवळ सरळ वर चढतो, म्हणून पहाट थोडक्यात आटोपते आणि ऊन लवकर तापते. पाखरे आपला दिवस त्याप्रमाणे बेततात. उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास ती खातात, गातात, हिंडतात. मग उन्हाच्या वेळी पानांआड स्तब्ध होतात आणि पुन्हा सायंकाळी बाहेर पडतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्योदय सातच्या थोडा अगोदर होतो. म्हणजे साडेसहाला रानाच्या तोंडाशी उभे राहावयाचे तर तिसवाडीतून बस साडेचारला निघाली पाहिजे. पालक यास नाखूश असतात, विशेषतः मुलींचे पालक. त्यांना माझी विनंती अशी की, एक तर मुलींना पहाटे पाठवा, किंवा या सहलीस मुळीच पाठवू नका. नऊ वाजता पोचणारी पक्ष्यांची सहल म्हणजे पडदा पडल्यावर नाटकास जाणे आहे. सोबत शिक्षिका असतात, आणि पोहोचविण्या-आणण्याची व्यवस्था आधी बोलून करता येते.

आता सामानाच्या यादीविषयी. पहिल्या सहलीच्या अनुभवाने मी घाबरले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकास गेले. एक लांबलचक यादी तयार करून ती घरोघरी पाठविली. दुर्बीण, रानात घालावयाचे बूट, जलरोधक पिशवी, टोपी, पक्ष्यांचे सचित्र पुस्तक. यादी मोठी व्यवस्थित दिसत होती. सहलीच्या आदल्या दिवशी नाव दिलेला एक मुलगा मला व्हरांड्यात भेटला आणि म्हणाला, “बाई, हांव येना. म्हजेकडेन दुर्बीण ना, बूट लेगीत ना.” मी त्याला काही तरी समजावून सांगेपर्यंत तो निघूनही गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याचे वडील खाजनात मानशीवर मासे धरतात. पहाटे बापाबरोबर बांधावर जाणाऱ्या त्या मुलाने जितके खंड्ये आणि बगळे पाहिले असतील तितके माझ्या वर्गात कोणीही पाहिलेले नाहीत. त्याला मी माझ्या हाताने, एका कागदाच्या जोरावर घरी बसविले. जळवांपेक्षा ही गोष्ट मला अधिक लागली आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, यादी लहान असावी, परंतु तीत जे आहे त्यात सवलत नसावी. आणि जे महाग आहे ते शाळेने पुरवावे.

दुर्बीण प्रत्येकाजवळ असण्याची गरज नाही. दहा मुलांत एक असली तरी चालते. मात्र ती घेताना शाळेने फसू नये. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. येथे ती सव्वापाच मिलिमीटर येते. दुकानात १०×२५ ची सुबक, खिशात मावणारी दुर्बीण मिळते आणि मुलांना ‘दहा’ हा आकडा भुरळ घालतो. पण तिचा भागाकार अवघा अडीच. उघड्या तळ्यावर ती निभावून नेईल. मोल्याच्या रानात भर दिवसाही संध्याकाळ असते, तेथे तिच्यातून मलबारी कर्णा तांबडा की तपकिरी हे कळणार नाही. शिवाय दहा पटीने हाताचा कंपही दहा पट दिसतो. पावसाळ्यानंतर दुर्बीण कपाटात नुसती ठेवून दिली तर आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. तिला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. आमच्या शाळेची एक चांगली दुर्बीण अशीच गेली.

कपडे मळकट हिरवे, खाकी किंवा तपकिरी. नवे शिवण्याचे कारण नाही, घरातला जुना सदरा उत्तम. पण बाह्या लांब आणि विजार पूर्ण हवी, मोजे विजारीवर ओढलेले हवेत. येथे मी कोणाचीही गय करणार नाही, आणि त्याचे कारण केवळ जळू हे नव्हे. जळू घाण दिसते, तिच्या लाळेतील हिरुडिनामुळे रक्त काही वेळ गोठत नाही, पण नखाने तिचे तोंड अलगद सरकवून ती काढली आणि जागा स्वच्छ धुऊन दाबून धरली की भागते. पावसाळा सरला की जळवा कमी होतात आणि मग गोचिडांचा काळ येतो. माकडतापाचे विषाणू या रानगोचिडांतून माणसात येतात. हा रोग 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. 2015 साली तो आपल्या सत्तरीत आढळला आणि काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना त्याने गाठले. गोचिडाचे पिल्लू राईच्या दाण्याहूनही बारीक असते. म्हणून रानात पालापाचोळ्यावर बसू नये, पायांना कीटकरोधक तेल किंवा मलम लावावे, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा नीट तपासावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्यास कळवावे. आणि सहलीनंतरच्या दोन आठवड्यांत ताप व अंगदुखी झाली तर डॉक्टरांना ‘आम्ही रानात गेलो होतो’ हे न विचारता सांगावे. हे वाचून कोणी पालक मुलास घरी ठेवील अशी मला भीती आहे. परंतु भीती लपवून नेलेल्या मुलापेक्षा सर्व जाणून मोजे ओढलेला मूल अधिक सुरक्षित असते, असे मला वाटते.

झाडाझुडपांच्या फांद्या धरून चालू नये, हेही ओघाने आले. हिरवा चापडा दिवसा त्याच फांद्यांवर स्वस्थ पडून असतो आणि पानांत तो ओळखू येत नाही.

पाणी दर माणशी दोन लिटर. खावयास पोळी-भाजी किंवा उंडा, करकरणाऱ्या कागदात गुंडाळलेले काहीही नको. वही लहान, आणि लिहावयास शिसपेन्सिल, कारण दमट हवेत आणि दवात शाई फुटते.

खरी तयारी मात्र याहून वेगळी आहे आणि तिला पैसा लागत नाही. सहलीपूर्वी चार रविवारी सकाळी जवळच्या तळ्यावर जावे. आम्हांस करमळीचे तळे सोयीचे आहे. तेथे अडई बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी उघड्यावर बसलेले असतात आणि नवशिक्यास दुर्बीण रोखावयास शिकवितात. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडावयाचा, मग नजर न हलविता दुर्बीण डोळ्यांस लावावयाची, एवढी साधी गोष्ट शिकावयास माझ्या मुलांना दोन रविवार लागले. मला तीन लागले. अर्धा तास न बोलता उभे राहण्याचाही सराव तेथेच होतो. रानात तो फार कामास येतो, कारण तेथे वीस मिनिटे काहीच दिसत नाही आणि मग निरनिराळ्या जातींचा मिश्र थवा एकदम डोक्यावरून जातो. फळांनी लगडलेला वड किंवा उंबर सापडला तर हिंडत बसू नये, दूर उभे राहून वाट पाहावी. धनेश तेथेच येतो.

नावांचीही तयारी हवी. आमच्या घरी पक्ष्याला सुकणें म्हणतात आणि पोपटाला कीर. शाळेत मी पक्षी आणि पोपट शिकविते, आणि कवितेत तोच विहंग होतो. मुलांनी आजी-आजोबांना विचारून पाखरांची घरची नावे आणावी आणि ती मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’तील नावांशेजारी वहीत लिहावी असा माझा आग्रह असतो. या कामात त्या खाजनातल्या मुलाने इतरांना मागे टाकले हे सांगावयास मला आनंद वाटतो.

एका गोष्टीची तयारी मी मुद्दाम करू देत नाही. मोबाइलमध्ये पक्ष्यांचे आवाज भरून आणावयाचे आणि रानात ते वाजवून पक्ष्यास बोलवावयाचे, अशी एक चाल पडली आहे. पक्षी येतो खरा, पण तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून, चारा आणि घरटे टाकून भांडावयास येतो. आवाज ओळखावयास मोबाइलची मदत अवश्य घ्यावी, परंतु घरी. घरट्यांच्या छायाचित्रांविषयीही माझे हेच म्हणणे आहे. धनेशाची मादी ढोलीत स्वतःस लिंपून घेते आणि कित्येक आठवडे नराने आणलेल्या फळांवर जगते. झाडाखाली चाळीस मुले गलका करीत उभी राहिली आणि नर बुजून परतला, तर आत कोण उपाशी राहते हे मुलांना आधी सांगितले पाहिजे. सांगितल्यावर ती कशी शांत होतात ते मी पाहिले आहे.

यंदाची सहल डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघेल. शाळेजवळ तीन दुर्बिणी आहेत, त्या पुसून डब्यात ठेविल्या आहेत. बूट नसले तरी घट्ट बसणारे कोणतेही बंद पादत्राण चालेल. तेही नसेल त्याने आदल्या आठवड्यात मला एकट्यास येऊन सांगावे, मधल्या सुट्टीत मी वाचनालयात असते.