खोडमाशी वेळेवर येते, कर्ज येत नाही

ज्वारीचा पोंगा वाळला की साहेब बांधावर येऊन सांगतात, पेरणीला उशीर केलात. शास्त्र खरे आहे. घरमाशीहून लहान अशी ही खोडमाशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली एकेक अंडे घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते, पहाटेच्या ओलीवर सरकत पोंग्यात शिरते आणि वाढीचा कोंबच कुरतडते. पोंगा ओढला की अलगद हातात येतो, कुजका वास मारतो. रोप महिन्याचे झाले की धोका सरतो. म्हणून पाऊस लागल्यावर आठवड्यात पेरलेली ज्वारी बहुधा वाचते, मागासलेली सापडते.

पण उशीर करतो कोण? सोसायटीचे पीककर्ज जुलैत मिळाले तर जूनमध्ये बी कशाने घ्यायचे? हाती असेल तो पैसा आधी कपाशीला जातो, ज्वारीच्या वाट्याला मागची तारीख येते. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, तेव्हापासून तर ही माशी जास्तच जाणवू लागली.

हेक्टरी आठऐवजी दहा किलो बी पेरा, विरळणीत पोंगेमर रोपे उपटून नष्ट करा, हा सल्ला चांगला आहे. आम्ही तो पाळतो. मग त्या दोन किलो बियाण्याचे आणि उपटणीच्या मजुरीचे पैसे ज्वारीच्या भावात कुठे आहेत?

जिल्हा बैठकीत आमची मागणी एवढीच राहील: पीककर्ज ३१ मेच्या आत हातात पडले पाहिजे.